शेवटचा प्रतिवादी सापडेपर्यंत

दिवाणी दावे रेंगाळतात, ही आता बातमी राहिलेली नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठीत रूढ झाली ती उगीच नव्हे. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत आणि त्यांपैकी एक कोटीहून अधिक दिवाणी स्वरूपाची आहेत. या दिरंगाईची चर्चा निघाली, की न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा, वकिलांनी मागून घेतलेल्या तारखा आणि अपिलांची लांबलचक शिडी यांच्याकडे बोट दाखविले जाते. ही कारणे खरीच आहेत. तथापि ज्या दाव्यात एकाही साक्षीदाराची साक्ष झालेली नाही, किंबहुना वादाचे मुद्देही काढण्यात आलेले नाहीत, असा दावादेखील वर्षानुवर्षे नुसता पुकारला जातो व पुढे ढकलला जातो, याचा पुरता उलगडा या कारणांनी होत नाही. अशा दाव्याचा रोजनामा चाळला, तर अनेक पानांवर एकाच आशयाची नोंद आढळते: अमुक क्रमांकाच्या प्रतिवादीवर समन्सची बजावणी झालेली नाही, सबब पुढील तारीख.

सर्व प्रतिवादींना समन्स पोचल्याखेरीज दाव्याचे पुढील वेळापत्रक ठरवायचे नाही, हा शिरस्ता आपल्याकडे अंगवळणी पडलेला आहे. वरवर पाहता तो न्याय्यही वाटतो. ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याला न कळविता काही ठरविणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध होय, हे कोण नाकारील? परंतु या तत्त्वाचे संरक्षण निकालाला हवे असते. ते तारखांच्या नुसत्या आखणीलाही तितकेच हवे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारण्याची वेळ आलेली आहे.

अकरा जणांचे गणित

एक वादी आणि एक प्रतिवादी असा दावा पाठ्यपुस्तकात असतो. जागतिक बँकेच्या व्यवसाय-सुलभतेच्या २०२० सालच्या अहवालात करारांच्या अंमलबजावणीच्या बाबतीत भारताचा क्रमांक १६३ वा होता आणि एका दाव्यास १,४४५ दिवस लागतात असा हिशेब त्यात मांडला होता. आकडेवारीतील अनियमिततेमुळे ती अहवालमालिका २०२१ मध्ये बंद करण्यात आली. पण त्या हिशेबातील नमुन्याचा दावाही एक विक्रेता आणि एक खरेदीदार यांच्यातलाच होता. महाराष्ट्रातील तालुक्याच्या न्यायालयात चालणारा वाटपाचा दावा असा सुटसुटीत नसतो. वडिलार्जित जमिनीचे वाटप मागायचे तर प्रत्येक हिस्सेदाराला पक्षकार करावे लागते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना सहदायादाचा हक्क दिला. ही सुधारणा सर्वथैव योग्य आणि उशिराच झालेली होती. तिचा एक ओघाने आलेला परिणाम मात्र असा, की दाव्यातील आवश्यक पक्षकारांची संख्या वाढली आणि त्यांचे पत्ते चार जिल्ह्यांत, कधी चार देशांत विखुरले.

समजा, अशा एका दाव्यात अकरा प्रतिवादी आहेत. एक भाऊ गावात जमीन कसतो, एक बहीण पुण्यात आहे, पुतण्या सुरतेस नोकरीला आहे आणि मृत बहिणीचा मुलगा अमेरिकेत स्थायिक झालेला आहे. एका खेपेस कोणा एकावर समन्स बजावले जाण्याची शक्यता शंभरात ऐंशी आहे असे धरले, तरी पहिल्याच खेपेस अकराही जणांवर बजावणी होण्याची शक्यता शंभरात जेमतेम नऊ भरते. न सापडलेल्यांकडे पुन्हा समन्स पाठविले, तरी दोन खेपांनंतर अकराही जण हजर होण्याची शक्यता शंभरात चौसष्टच्या आसपास राहते. दोन खेपांमध्ये काही महिने सहज निघून जातात. हे गणितही सर्व माणसे सरळ आहेत असे गृहीत धरून केलेले आहे. ज्याला समन्स चुकवायचेच आहे, तो शक्यतेच्या नियमांत बसत नाही.

याहून बिकट प्रसंग पुढेच असतो. शेवटच्या प्रतिवादीचा शोध चालू असताना पहिला प्रतिवादी मरण पावतो. त्याच्या वारसांची नावे दाव्यात लावण्यासाठी मुदतीच्या कायद्यानुसार ९० दिवस मिळतात. ते उलटले तर त्याच्यापुरता दावा संपुष्टात येतो आणि तो पुनरुज्जीवित करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मग नव्या वारसांना समन्स. एका बाजूने यादी पुरी होत असते आणि दुसऱ्या बाजूने वाढत असते.

कायद्यातील वाट

याचा दोष सर्वस्वी कायद्याच्या माथी मारता येणार नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत या अडचणीवर उपाय आहेत. प्रतिवादी समन्स घेण्याचे नाकारीत असेल किंवा घरी सापडत नसेल, तर ते दारावर डकविता येते. तो मुद्दाम तोंड चुकवीत असल्याची न्यायालयाची खात्री पटली, तर पर्यायी बजावणीचा आदेश देता येतो. त्यासाठी स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात देण्याची तरतूद आहे. २००२ च्या १ जुलैपासून अमलात आलेल्या दुरुस्त्यांनी नोंदणीकृत टपालाच्या जोडीला कुरिअर आणि ई-मेल यांना मान्यता दिली, वादीच्या हाती समन्स देण्याची सोय केली, आणि समन्ससाठी ठरवायचा दिवस दावा दाखल झाल्यापासून ३० दिवसांपलीकडचा नसावा असे बंधन घातले. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीत व्हॉट्सॲपवरून धाडलेली नोटीस पोचली असल्याचे मान्य केले, आणि २०२० मध्ये साथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने ई-मेल व तत्सम साधनांना व्यापक मुभा दिली. बेलिफाच्या फेऱ्यांची नोंद मोबाइल यंत्रावर जागच्या जागी व्हावी, अशी व्यवस्थाही ई-न्यायालय प्रकल्पात झाली. त्या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले.

तेव्हा साधनांची वाण नाही. समन्सच्या दिरंगाईची तक्रारही नवी नाही; सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात तिचा विचार केलेला होता. एवढे असूनही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, चार दशके रेंगाळलेल्या एका वादाचा निकाल देताना, समन्सची बजावणी मुदतीत व्हावी आणि जिल्हा न्यायाधीशांनी तिच्यावर देखरेख ठेवावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाला द्यावे लागले. साधने वाढली पण क्रम बदलला नाही, हे यामागचे खरे दुखणे आहे. आधी सर्वांवर बजावणी, मग आखणी, हा क्रम जोवर कायम आहे, तोवर नवे साधन फक्त शेवटच्या प्रतिवादीच्या शोधाचा खर्च वाढविते.

‘सर्व’ आणि ‘कोणीही एक’

या क्रमाला दुसरा पर्याय असू शकतो, हे अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या नियमांवरून दिसते. तेथे दाव्याच्या आरंभीच न्यायाधीश उभय पक्षांच्या वकिलांशी विचारविनिमय करतो आणि कागदपत्रांची देवघेव, अर्ज, दुरुस्त्या यांच्या अखेरच्या तारखा एका आदेशाने बांधून टाकतो. १९८३ मध्ये असा आदेश सक्तीचा झाला, तेव्हा त्याची मुदत दावा दाखल झाल्यापासून १२० दिवस अशी होती. लवकरच तिच्यातील विसंगती ध्यानात आली. समन्स बजावण्यासाठीच वादीला १२० दिवस मिळत होते; म्हणजे एकही प्रतिवादी हजर नसताना आखणी करण्याची पाळी येऊ शके. १९९३ मध्ये नियम बदलण्यात आला. त्या बदलाच्या वेळी ‘सर्व प्रतिवादींवर बजावणी झाल्यानंतर’ असे शब्द घालता आले असते. नियम करणाऱ्यांनी ते घातले नाहीत. आखणीच्या वेळी निदान एक प्रतिवादी उपलब्ध असावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि वाढीव मुदतीत बहुधा सारेच हजर होतील असा त्यांचा होरा होता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत कोणाही एका प्रतिवादीवर बजावणी झाल्यापासून ९० दिवस किंवा कोणीही एक हजर झाल्यापासून ६० दिवस, यांपैकी जी आधी संपेल ती, अशी आहे.

अर्थात तेथेही ‘उरलेल्यांना समन्स पोचेपर्यंत ही बैठक पुढे ढकलावी’ असे अर्ज येतात, आणि सबळ कारण असल्यास न्यायाधीशाला तसे करता येते. अनेक पक्षकारांच्या गुंतागुंतीच्या दाव्यांना जादा वेळ लागू शकतो, हे नियमावरील अधिकृत टिपणातही मान्य केलेले आहे. पण त्याच टिपणात पुढे असेही सुचविलेले आहे, की बहुतेक दाव्यांत निदान पहिली बैठक तरी ठरल्या मुदतीत होणे इष्ट होय. पुढे ढकलणे हा तेथे अपवाद आहे आणि त्याचे कारण द्यावे लागते. आपल्याकडे तो शिरस्ता आहे आणि त्यास कारण लागत नाही.

आपल्याकडील व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्याने हीच कल्पना ‘प्रकरण व्यवस्थापन सुनावणी’ या नावाने आणली. या सुनावणीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपावेत, केवळ एखाद्या पक्षाचा वकील हजर नाही एवढ्यावरून ती तहकूब करू नये, असे कडक नियम त्यात आहेत. पण ही पहिली सुनावणी केव्हा घ्यायची? दाव्यातील ‘सर्व पक्षांनी’ कागदपत्रांच्या स्वीकार-नकाराची प्रतिज्ञापत्रे दाखल केल्यापासून चार आठवड्यांच्या आत. ज्याला समन्सच मिळालेले नाही, तो प्रतिज्ञापत्र कोठून दाखल करणार? नियम शब्दशः लावला, तर घड्याळ उत्तम चालते. फक्त त्याला किल्ली देण्याचे काम सर्वांत उशिरा येणाऱ्याकडे सोपविलेले आहे. सर्वसाधारण दिवाणी दाव्यांना तर एवढे घड्याळही नाही. वास्तविक, वादपत्र दाखल होतानाच कैफियतीपासून निकालापर्यंतच्या सर्व टप्प्यांच्या तारखा न्यायालयाने आखाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मधील एका निकालात सांगितलेले होते. म्हणजे आखणीसाठी सर्वांच्या हजेरीची वाट पाहिलीच पाहिजे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाचेही मत नाही.

आक्षेपांचे बळ

या मताविरुद्ध जे म्हटले जाते त्यात तथ्य नाही असे नव्हे. पहिला आक्षेप न्याय्यतेचा आहे. दहा जणांच्या सोयीने आखलेले वेळापत्रक अकराव्यावर लादले गेले, तर तयारीला त्याला कमी वेळ मिळेल. दुसरा आक्षेप काटकसरीचा आहे. अकरावा हजर झाल्यावर सारी आखणी नव्याने करावी लागली, तर न्यायालयाचे काम दुप्पट होईल. तिसरा आक्षेप निकालाच्या बळकटीचा आहे. वाटपाच्या दाव्यात एक हिस्सेदार वगळून झालेला हुकूमनामा टिकत नाही. मग घाई कशासाठी?

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. आखणी म्हणजे हुकूमनामा नव्हे. आवश्यक पक्षकारावर बजावणी झाल्यावाचून निकाल देऊ नये, हे पूर्णपणे मान्य करूनही बाकीच्यांच्या कैफियती, कागदपत्रे आणि मोजणीचे नकाशे यांच्या तारखा ठरविता येतात. पहिल्या आक्षेपाचे निरसन संहितेतच आहे. कैफियतीची ३० दिवसांची मुदत ज्याच्या त्याच्या समन्सपासून मोजली जाते. उशिरा आलेल्याचा तो हक्क वेळापत्रकाने हिरावला जात नाही. त्याला तारखा बदलून मागण्याची एक संधी ठरावीक दिवसांत दिली, म्हणजे त्याची तक्रार उरत नाही. दुसरा आक्षेप मात्र थोडा खरा ठरतो: काही दाव्यांत काम दोनदा करावे लागेल. परंतु अर्ध्या तासाची दुसरी बैठक आणि दोन वर्षांच्या कोऱ्या तारखा यांची तुलना करताना फक्त पहिलीचाच खर्च मांडायचा, हा हिशेब अपुरा आहे.

या तिन्ही आक्षेपांत एक गोष्ट नजरेआड होते. न सापडलेल्या प्रतिवादीचा पत्ता कोणाला ठाऊक असतो? बेलिफाला नसतो, वैर आलेले असल्याने पुष्कळदा वादीलाही नसतो. तो ठाऊक असतो हजर झालेल्या प्रतिवादींना, कारण तो त्यांचा भाऊ, भाचा किंवा भागीदार असतो. लग्नकार्याला ते एकमेकांकडे जातात. दाव्यात मात्र ‘पत्ता माहीत नाही’ म्हणून लिफाफा परत येतो. हजर पक्षकारांना आणि वकिलांना एकत्र बसवून न्यायाधीशाने हा एकच प्रश्न नोंदीवर विचारला, तर कित्येक समन्से महिन्याभरात पोचतील. याचा अर्थ असा, की सर्वांवर बजावणी झाल्यावर घ्यावयाची म्हणून जी बैठक पुढे ढकलली जाते, तीच बैठक बजावणी पुरी करण्याचे सर्वांत हुकमी साधन आहे. हरवलेली वस्तू सापडेपर्यंत दिवा लावायचा नाही, असा हा व्यवहार होय.

विलंबाचा भार कोणावर?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या शिरस्त्यातील दोष अधिक ठळक होतो. ज्याच्या कृतीने खर्च उद्भवतो त्याने तो सोसला नाही, तर ती कृती प्रमाणाबाहेर वाढते, हा त्या शास्त्राचा एक साधा सिद्धांत आहे. समन्स चुकविणाऱ्याला त्यासाठी काय मोजावे लागते? तारखेला विलंब करणाऱ्या पक्षाकडून दुसऱ्याचा खर्च वसूल करण्याची तरतूद १९७६ मध्ये संहितेत आली. पण ती न्यायालयापुढे आलेल्या पक्षाला लागू पडते. जो अजून आलेलाच नाही, तो तिच्या कक्षेबाहेर राहतो. न येणे हाच सर्वांत स्वस्त बचाव ठरतो. दरम्यान, ज्याच्या ताब्यात जमीन आहे तो पीक घेत राहतो आणि ज्याच्या ताब्यात दुकान आहे तो भाडे घेत राहतो. त्याला स्वतःला समन्स चुकवावेही लागत नाही. सुरतेच्या पुतण्याने ते चुकविले की त्याचे काम होते. अकरा जणांपैकी एकाच्या गैरहजेरीला सर्वांचे काम थांबविण्याचा अधिकार मिळतो, आणि ज्याला विलंबातून लाभ आहे तो त्या अधिकाराचा आयता वाटेकरी होतो.

भार पडतो तो वेगळ्याच माणसांवर. वाटपात आपला हिस्सा मिळाला तर मुलीच्या शिक्षणाचे कर्ज फेडू, अशा हिशेबाने दावा लावणारी विधवा; निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या घराचा ताबा मागणारा कारकून; आणि विनातक्रार पहिल्याच तारखेला हजर होऊन दर महिन्याला रजा टाकून येणारा प्रामाणिक प्रतिवादी. या शेवटच्या माणसाची कोणीच दखल घेत नाही. कायद्याचा मान राखून तो वेळेवर आला, म्हणून त्याला सर्वांत अधिक खेपा पडतात.

काय करता येईल

यासाठी संहिता मुळापासून बदलण्याची गरज नाही. पहिल्या प्रतिवादीच्या हजेरीपासून ठरावीक मुदतीत, समजा ६० दिवसांत, आखणीची पहिली बैठक घेण्याचा नियम उच्च न्यायालयांना करता येईल. त्या बैठकीचा पहिला विषय राहिलेल्या बजावणीचाच असावा: कोण राहिले, पत्ता कोणास ठाऊक आहे, कोणत्या तारखेपर्यंत साधे समन्स आणि कोणत्या तारखेपासून पर्यायी बजावणी, हे तेथेच ठरावे. दुसरा विषय पक्षकारांच्या वर्गवारीचा. ज्याच्यावाचून निकाल देताच येत नाही असा पक्षकार वेगळा, आणि खबरदारी म्हणून जोडलेला पक्षकार वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या प्रतिवादीसाठी दावा अडवून धरायचा, की त्याचे नाव वगळायचे, याचा निर्णय वादीने ठरावीक तारखेपर्यंत करावा. कारण हेही मान्य केले पाहिजे, की सर्वच विलंब प्रतिवादी घडवीत नाहीत. समन्सचे शुल्क न भरणारा आणि सापडेल त्याचे नाव दाव्यात गोवणारा वादीही त्याला कारण होतो. बजावणी न झालेले समन्स परत आल्यानंतर सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज न करणाऱ्या वादीचा दावा त्या प्रतिवादीपुरता काढून टाकण्याची तरतूद संहितेत आहे. ती कागदावर राहू नये.

परदेशस्थ प्रतिवादींचा प्रश्न खरोखरच अवघड आहे. समन्सच्या परदेशी बजावणीसंबंधीच्या १९६५ च्या हेग कराराचा भारत २००७ पासून सदस्य आहे. त्यानुसार समन्स विधी मंत्रालयामार्फत त्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे जाते आणि उत्तर येण्यास कित्येक महिने लागू शकतात. पण या करारानेही वाट पाहण्याला अंत ठेवलेला आहे. सर्व वाजवी प्रयत्न करूनही सहा महिन्यांत बजावणीचा दाखला आला नाही, तर तशी घोषणा केलेल्या सदस्य देशातील न्यायाधीशाला पुढे जाऊन निकालही देता येतो. दोन देशांमधील करार जेथे निकालापर्यंत जाऊ देतो, तेथे दोन तालुक्यांमधील बजावणीसाठी साधी आखणी अडून राहावी, याचे समर्थन करता येत नाही.

गैरहजर माणसाचा हक्क जपलाच पाहिजे. न्यायालयाचे ते कर्तव्यच आहे. परंतु हजर झालेल्या माणसाच्या आयुष्यालाही मुदत असते. शेवटच्या प्रतिवादीची वाट निकालाने पाहावी. कामाला लागण्यासाठी न्यायालयाला पहिल्या प्रतिवादीची हजेरी पुरेशी असली पाहिजे.